टेकूंच्या शहरातला पुरस्कार

2024 चा डिसेंबर संपत आला होता. आमच्या गिरगावातल्या चाळीची पुनर्विकासाची सभा नेहमीप्रमाणे तळमजल्याच्या चौकात, मांडववाल्याकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आणि नेहमीप्रमाणेच अर्धा तास उशिरा सुरू झाली होती. विकासकाने पाठवलेल्या आराखड्यात कोणाला कोणता मजला मिळणार, पूर्वेकडचे गाळे कोणाच्या वाट्याला जाणार, देवघरासाठी कोनाडा असणार की नाही, यावर घोळ चालला होता. मध्येच एका तरुण भाडेकरूने मोबाइलवर आलेली बातमी मोठ्याने वाचून दाखवली. चर्नी रोड स्टेशनसमोरच्या बैरामजी जीजीभॉय पारशी चॅरिटेबल इन्स्टिट्यूशनला युनेस्कोचा वारसा संवर्धनाचा पुरस्कार मिळाल्याची ती बातमी होती. कोणी फारसे लक्ष दिले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी एरवी सभेत तोंड उघडत नाहीत, पण त्यांनी मात्र विचारले, "बक्षीस मिळालं म्हणजे आता ती पाडणार नाहीत ना?" सेक्रेटरी कागदांतून मान वर न करता म्हणाले, "मावशी, ती त्यांची आहे. ते कशाला पाडतील? आपलं बोला." सभा हसली आणि पुन्हा कोनाड्याकडे वळली. मी मात्र त्या दोन वाक्यांत अडकून पडलो. मावशींचा प्रश्न भाबडा वाटला तरी चुकीचा नव्हता, आणि सेक्रेटरींचे उत्तर तर इतके अचूक होते की ते देताना आपण काय बोलून गेलो, हे त्यांचे त्यांनाही कळले नसावे.

ती शाळा मी लहानपणापासून लोकलच्या खिडकीतून पाहत आलो आहे. चर्नी रोडला गाडी थांबली की एका अंगाला चौपाटीचा खारा वारा आणि दुसऱ्या अंगाला ती दगडी इमारत, हे ठरलेलेच असे. गाडी सुटायच्या आत तिच्या किती कमानी मोजून होतात, असा एक खेळ आम्ही भावंडे खेळत असू आणि त्यावरून भांडतही असू. ती इमारत कोणाची, तिच्या आत काय चालते, ती इतकी वर्षे इतकी नीट कशी राहिली, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच कधी पडला नाही. मुंबईत दगडी इमारती असतातच, आणि त्या आपल्या नसतात, हे आम्ही न शिकवता शिकलो होतो.

या पुरस्काराचे लांबलचक नाव आशिया-प्रशांत सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कार असे आहे. बँकॉकच्या युनेस्को कार्यालयाकडून 2000 सालापासून तो दिला जातो. पहिल्याच वर्षी सर्वोच्च मान मलेशियातल्या पेनांग येथील चिओंग फात त्झे या चिनी व्यापाऱ्याच्या निळ्या वाड्याला मिळाला. 2002 मध्ये तो राजस्थानातल्या नागौरच्या अहिछत्रगडाकडे आला आणि 2004 मध्ये पाकिस्तानातल्या हुंझा खोऱ्यातल्या बाल्टिट किल्ल्याकडे गेला. यादी नुसती वाचत गेले तरी किल्ले, वाडे, मंदिरे, मशिदी, चर्च, चिनी गल्ल्या असे अर्धे जग डोळ्यांपुढून सरकते. अर्जाच्या अटी मात्र बऱ्याच घरगुती आहेत. वास्तू पन्नास वर्षांहून जुनी हवी, काम गेल्या दहा वर्षांत पुरे झालेले हवे, आणि काम झाल्यावर ती वास्तू किमान वर्षभर वापरात असायला हवी. ही शेवटची अट मला फार आवडली. वास्तू चकचकीत करून तिला कुलूप लावणाऱ्यांना त्यात जागा नाही. 2005 पासून जुन्या परिसरात शोभेल अशा नव्या बांधकामासाठी वेगळा विभाग सुरू झाला आणि 2020 पासून शाश्वत विकासाची दखल घेणारा विशेष सन्मानही आला. माझे लक्ष मात्र त्या यादीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या आपल्या शहराच्या नावाकडे जात राहिले.

मुंबईला सर्वोच्च मान पहिल्यांदा मिळाला तो 2005 मध्ये, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी. माझ्या पिढीतल्या गिरगावकरांना हे संग्रहालय राणीच्या बागेचे शेपूट म्हणून ठाऊक होते. हत्ती, माकडे, पाणघोडा पाहून पाय दुखायला लागले की मोठी माणसे "चला, जरा सावलीत बसू" म्हणून आम्हाला आत नेत. दाराशी घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती असे. आत मातीच्या छोट्या बाहुल्यांतून उभे केलेले जातीजमातींचे नमुने आणि नाना तऱ्हेच्या पगड्या धुरकट काचांमागे मांडलेल्या असत. काचेवर नाक टेकले की धुळीचा आणि जुन्या लाकडाचा एक थंड, जरा आंबूस वास येई. खांब होते हे आठवते, त्यांचा रंग आठवत नाही. बहुधा त्यांना रंगच उरला नव्हता. पुढे महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात 2003 मध्ये करार झाला आणि काम सुरू झाले. 2008 च्या सुरुवातीला संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा मी मुद्दाम गेलो. तेच लोखंडी खांब, तोच जिना, तोच प्रिन्स अल्बर्टचा पुतळा, पण छताखाली सोनेरी आणि हिरवट रंगांचा असा काही उजेड पसरला होता की क्षणभर मला आपण फसवले गेलो असे वाटले. म्हणजे हे सगळे तेव्हाही इथेच होते आणि आपल्याला फक्त धूळ दाखवली गेली होती. आनंद झालाच, पण त्यात थोडा राग मिसळलेला होता आणि तो नेमका कोणावर हे ठरवता येत नव्हते.

ऑपेरा हाऊसची गोष्ट आमच्या आणखी जवळची. आमच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ते बंद पडल्यावरही बसचा थांबा, हिऱ्यांचा बाजार आणि पत्ता सांगण्याची रीत या सगळ्यांतून त्याचे नाव चालूच राहिले होते. आजी बालगंधर्वांबद्दल बोलू लागली की तिच्या बोलण्यात ऑपेरा हाऊस यायचेच. तिने तिथे नाटक पाहिले होते की नुसते बाहेरून ऐकले होते, हे तिच्या सांगण्यातून शेवटपर्यंत उलगडले नाही, आणि आम्ही ते कधी नीट विचारलेही नाही. 1993 मध्ये पडदा पडला. त्यानंतर वर्षानुवर्षे त्या दर्शनी भागावर झाडे उगवलेली, खिडक्यांच्या फळ्या सुटलेल्या आणि पायऱ्यांवर फेरीवाल्यांची बोचकी ठेवलेली अशा अवस्थेत मी ते पाहिले. ते गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीचे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या 2012 च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचे नाव आले, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली काम झाले, 2016 च्या ऑक्टोबरात दार उघडले आणि 2017 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मखमली खुर्चीत बसून मी नाटकापेक्षा छताकडेच जास्त पाहिले. तिकिटाचा दर पाहून आजीने काय म्हटले असते, याचाही अंदाज बांधला. बाहेर पडताना वाटले की आपल्या शेजारचे घर किती सुंदर आहे हे कळायला आपल्याला पाहुण्यासारखे तिकीट काढून यावे लागले.

त्याच 2017 मध्ये भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चलाही पुरस्कार मिळाला. फोर्टमधला बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावाचा कारंजासहित घड्याळाचा मनोरा आणि रीगलच्या चौकातले वेलिंग्टन कारंजे यांचाही उल्लेखनीय म्हणून गौरव झाला. दोन वर्षांनी फ्लोरा फाउंटनची पाळी आली. कारंज्यांना पुरस्कार मिळतो याची मला आधी गंमत वाटली होती, कारण मुंबईतल्या कारंज्यांत पाणी असते हे आमच्या पिढीने ऐकूनच जाणलेले. फ्लोरा फाउंटन तर आपल्याला हुतात्मा चौकाच्या शेजारी उभे असलेले एक पांढरे काहीतरी म्हणून माहीत होते. 1864 मधली ती पोर्टलंड दगडातली रोमन देवी आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मशाल धरून उभे असलेले आपले शेतकरी-कामगार, यांच्यात आपले मन कुठे राहते हे कोणत्याही मराठी माणसाला विचारावे लागत नाही. पण दगडावर चढवलेले रंगाचे थर काढले गेले, वर्षानुवर्षे बंद असलेल्या नळ्या मोकळ्या झाल्या आणि 2019 च्या जानेवारीत पाणी सुरू झाले, तेव्हा ऑफिस सुटल्यावर लोक खरोखरच थांबून पाहत होते. मीही थांबलो. देवीच्या पायाशी असलेल्या आकृत्यांना बोटे होती, वस्त्रांना चुण्या होत्या. हे सगळे तेलरंगाखाली दबून एक गोळा झाले होते, हे त्या दिवशी कळले.

कामाचा खरा धडा मात्र मला फोर्टातल्याच दुसऱ्या एका जुन्या इमारतीच्या परांचीखाली मिळाला. दुपारची वेळ होती. एक वयस्क गवंडी ओल्या गोणपाटाखाली झाकलेला चुना थापीने पुन्हा मळत बसला होता. चुना विरवायला अनेक दिवस लागतात, त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालतात, कुठे बेलफळाचे पाणी आणि गूळही घालतात, हे त्याने सांगितले. सांगता सांगता एक गोळी बोटांत चेपून माझ्या तळहातावर ठेवली. ती लोण्यासारखी मऊ होती आणि तिच्यात दुपारच्या उन्हातही गारवा होता. शेजारच्या भिंतीवरचे सिमेंटचे जुने प्लास्टर दुसरा माणूस छिन्नीने उचलत होता आणि त्यामागून दगडाचे पापुद्रेही निघून येत होते. "सिमेंट पाणी आत धरून ठेवतं," गवंडी म्हणाला, "मग पाऊस संपला तरी भिंत ओलीच. दगड नाहीतर वीट, जे कच्चं असेल ते आधी सुटतं." चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती कोंडते, मग क्षार वर येतात, आतले लोखंड गंजून फुगते आणि भिंत आतून फाटते. पुरस्काराच्या परीक्षकांना बारीकसारीक कागदपत्रे का लागतात, मूळचे सामान काय होते आणि नवे काय वापरले याची नोंद का मागतात, हे मला तिथे कळले. आणि त्याच वेळी आमच्या चाळीच्या जिन्याखालची ती भिंत आठवली, जी दर दोन पावसाळ्यांनी आम्ही सिमेंटने लिंपतो आणि जी दर दोन पावसाळ्यांनी पोपडे टाकून आम्हाला नमस्कार करते.

आमच्याकडे चुना फक्त पानाला लावतात.

घरी येऊन मी मुंबईतल्या पुरस्कारांची यादी पुन्हा पाहायला बसलो. या वेळी वास्तूंची नावे सोडून मालकांची नावे वाचली. 2015 चा पुरस्कार फोर्टातल्या जे. एन. पेटिट ग्रंथालयाला, म्हणजे एका पारशी संस्थेला. 2019 मध्ये काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला), म्हणजे ससून घराण्याने 1884 मध्ये बांधलेल्या आणि ट्रस्टकडे असलेल्या वास्तूला. ते निळे सिनेगॉग पुन्हा मूळच्या रंगात आलेले पाहून निम्म्या मुंबईला ते चुकल्याचुकल्यासारखे वाटले, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. त्याच वर्षी भायखळ्याचे ग्लोरिया चर्च, 2023 मध्ये डेव्हिड ससून वाचनालय, 2024 मध्ये आमच्या स्टेशनसमोरची शाळा. चर्च, ट्रस्ट, संस्था, राजघराणे, महापालिका. प्रत्येक ठिकाणी दुरुस्तीच्या कागदावर सही करणारा एक हात होता आणि पैसे देणारी एक थैली, मग ती स्वतःची असो वा उद्योगसमूहांच्या फाउंडेशनची. विकास दिलावरी आणि आभा नारायण लांबा यांच्यासारख्या वास्तुविशारदांचे कौशल्य यात मोठे आहे, यात वाद नाही. पण त्या कौशल्याला बोलावणारे कोणीतरी आधी असावे लागते. लाल चिमणी कंपाउंड या पारशी भाडेकरूंच्या वसाहतीलाही हा पुरस्कार मिळालेला आहे, हे वाचून मी थबकलो. म्हणजे भाड्याच्या खोल्यांचे वावडे परीक्षकांना नाही. राहत्या माणसांचे कपडे वाळत असलेली इमारतही वारसा असू शकते. तिथेही मागे एक धर्मादाय निधी होता, जो भाड्याच्या हिशेबापलीकडे पाहू शकत होता.

आमच्या चाळीचा मालक तसा पाहू शकत नव्हता, आणि मला वाटते, त्याला पूर्ण दोष देणेही अन्यायाचे होईल. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक या शहरात टिकले ते त्या कायद्यामुळे. आमचे घरही त्यामुळेच टिकले. पण ज्या खोलीचे महिन्याचे भाडे एका मसाला डोशाइतकेही नसते, तिच्या सागवानी तुळईला वाळवी लागली तर मालक काय करणार? तो काहीच करीत नाही, आणि पागडी देऊन खोली घेतलेला भाडेकरूही आपल्या चार भिंतींबाहेरचा खिळा ठोकत नाही. आम्ही आत टाइल्स लावल्या, ग्रॅनाइटचे ओटे केले, माळे काढले, आणि सामायिक जिन्याचा कठडा दोरीने बांधून ठेवला. 1969 मध्ये सरकारने इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, तेव्हा शहरातल्या 19,642 इमारती दुरुस्तीसाठीच्या उपकराखाली आल्या. त्यांतल्या बहुसंख्य आमच्यासारख्याच, लाकडी सांगाड्याच्या, मंगलोरी कौलांच्या, सामायिक सज्जाच्या. युनेस्कोच्या यादीत मुंबईच्या नावापुढे जेवढ्या ओळी आहेत, त्यांच्या पुढे हा आकडा ठेवून पाहिला की शहराचे खरे बांधकाम दिसू लागते.

दुरुस्ती म्हणजे काय, हे आम्ही टेकूंवरून शिकलो. एखाद्या पावसाळ्यात सज्जा झुकला की लाकडाच्या बल्ल्या येत. दोन-तीन वर्षांत त्या तात्पुरत्या बल्ल्या घरच्या होऊन जात. त्यांना खिळे ठोकून दोऱ्या बांधल्या जात, त्यांच्याशी टेकून सायकली उभ्या राहत, गोविंदाच्या दिवसांत मुले त्यांच्यावर चढत. आमच्या मजल्यावर एक खांब होता, पायथ्याशी कमळाची घडण असलेला, पूर्ण सागाचा. कंत्राटदाराने तो कमरेपासून खाली कापला, लोखंडी गर्डर घातला आणि भोवती काँक्रीट ओतले. वरचा अर्धा खांब तसाच राहिला, एखाद्या माणसाने धोतरावर बूट घालावेत तसा. काँक्रीट ओतल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात त्या सांध्यातून तांबूस पाणी गळू लागले. कापलेले कमळ अनेक दिवस जिन्याखाली पडून होते. पुढे ते कोणीतरी भंगारवाल्याला दिले, आणि चोर बाजारात अशाच खांबांची बैठी मेजे करून विकतात हे मला फार उशिरा कळले. हे सगळे वाईट हेतूने झाले असे मी म्हणणार नाही. दरपत्रकात चुन्याला रकानाच नव्हता, सागाचा भाव परवडणारा नव्हता आणि पुढचा पाऊस तोंडावर होता. इमारत पडली नाही, माणसे वाचली, हे मोठेच काम झाले. पण त्या प्रत्येक दुरुस्तीबरोबर इमारतीतली मूळची इमारत थोडी थोडी कमी होत गेली, आणि आता विकासकाचा माणूस येऊन "यात ठेवण्यासारखं आहे काय?" असे विचारतो, तेव्हा त्याला दाखवायला आमच्याजवळ फार थोडे उरले आहे.

सगळा दोष मालकीवर टाकून मोकळे व्हावे, तर भायखळा स्टेशन आडवे येते. 2022 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला सर्वोच्च मान मिळाला, त्याच वर्षी या स्टेशनालाही पुरस्कार मिळाला. वस्तुसंग्रहालयाचे कोणाला आश्चर्य वाटले नाही, तो घुमट आपल्या सर्वांच्या मनात आधीपासूनच पुरस्कृत आहे. भायखळ्याचे मात्र मला मनापासून नवल वाटले. 1857 मधली ती दगडी इमारत सरकारी, तिथून रोज जाणाऱ्यांची गणती नाही, आणि काम करायचे म्हटले तरी गाड्या थांबवता येत नाहीत. एका स्वयंसेवी संस्थेने पुढाकार घेतला, उद्योगसमूहाने पैसे दिले, रेल्वेने परवानगी दिली, आणि दगडावरचे रंग, फरश्या, फलक, वायरींची जाळी उतरवून मूळचा काळा दगड वर आणला गेला. मी संध्याकाळच्या गर्दीत तिथे उतरलो तेव्हा भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाई त्या दगडी भिंतीला पाठ टेकून फोनवर कोणाला तरी "हो, पोळ्या करून ठेव" असे सांगत होत्या. त्यांना पुरस्काराची खबर असेल असे वाटले नाही आणि असण्याची गरजही नव्हती. वापर चालू राहावा या अटीचा अर्थ मला सर्वांत स्वच्छ दिसला तो तिथेच. इतक्या जणांची असलेली, म्हणजे एका अर्थी कोणाचीच नसलेली वास्तूही नीट होऊ शकते. फक्त तिथे ज्यांनी जबाबदारी घेतली, त्यांना त्या भिंतींतून पुढे उंच मनोरा काढायचा नव्हता.

आमचे तसे नाही, हे मान्य करायला हवे. 1995 मध्ये मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली आली, इमारतींना श्रेणी मिळाल्या, आणि तेव्हा ते सगळे फोर्टाचे प्रकरण म्हणून आम्ही वाचून सोडून दिले. 2012 मध्ये वाढीव यादी निघाली आणि तीत शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी अशी आपली माणसे राहणारी वस्ती आली, तेव्हा दादरकरांनी केलेला विरोध आठवून पाहा. ज्यांच्या बैठकीच्या खोल्यांतून संस्कृतीवर तासन्‌तास चर्चा झाल्या, त्यांनीच आमची घरे वारसा ठरवू नका म्हणून निवेदने दिली. त्या वेळी मला त्याचे हसू आले होते. आता येत नाही. श्रेणी लागली की लिफ्ट लांबते, खिडकी बदलायलाही परवानगी लागते आणि त्याबदल्यात दुरुस्तीचा एक रुपया मिळत नाही. वारसा जपण्याचा मान समाजाचा आणि खर्च मात्र घरात राहणाऱ्याचा, असा तो हिशेब आहे. आमच्या चाळीत 33(7) हा विकास नियमावलीतला, जुन्या उपकराच्या इमारतींच्या पुनर्विकासाचा आकडा गणपतीच्या आरतीसारखा सगळ्यांना पाठ आहे. किमान 300 चौरस फुटांचे घर, आत स्वतःचे शौचालय, वर जायला लिफ्ट. मावशींचे गुडघे गेले आहेत आणि सज्जाच्या टोकाच्या सामायिक संडासाकडे रात्री जाणे त्यांना जमत नाही. त्यांनी संमतिपत्रावर सर्वांत आधी अंगठा दिला होता. मीही सही केली आहे. तरीही त्या शाळेची बातमी ऐकून त्यांनाच पाडापाडीची आठवण व्हावी, यात विसंगती शोधायला मी जाणार नाही. जे सोडायचे ठरवले आहे त्यावरचा जीव ठरवून सुटत नाही.

त्यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की पुरस्काराने कोणतीही इमारत वाचत नाही. त्याला कायद्याचे बळ नाही. वाचवते ती श्रेणी, न्यायालयाचा आदेश, किंवा सेक्रेटरी म्हणाले तसे मालकाचे मन. याचा पुरावा पाहायचा असेल तर काळा घोड्याला जावे. ससून वाचनालयाच्या पिवळसर मालाड दगडावर संध्याकाळचे ऊन पडलेले असते, बागेत वाचक लांब आरामखुर्च्यांत पहुडलेले असतात. आणि तिथून पलीकडे काही पावलांवर एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, उभे आहे. इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी भागांची जुळणी करून 1860 च्या दशकात उभारलेले. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत. महत्त्वाच्या कसोटीवर ते पुरस्काराच्या यादीतल्या निम्म्या वास्तूंना मागे टाकेल. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंत त्याचे नाव 2006 सालच्या यादीत घातले, ऑपेरा हाऊसच्या सहा वर्षे आधी. ऑपेरा हाऊसला एक मालक होता. इथे मालक वेगळा, खोल्या पागडीच्या, भाडेकरू ढीगभर, आणि दुरुस्ती कोणी करायची हा वाद वर्षानुवर्षांचा. 2019 मध्ये इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली गेली, आयआयटी मुंबईच्या तपासणीने ती पाडावी असे सुचवले, वारसाप्रेमींनी त्याला विरोध केला, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या रिकाम्या झालेल्या खोल्यांपैकी कितीतरी वकिलांच्या कचेऱ्या होत्या. न्यायालय जवळ म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती जागा धरून ठेवली होती. अख्ख्या मुंबईचे जागेचे दावे लढवणारी ती माणसे आपल्या डोक्यावरचे छप्पर कोणी शाकारायचे, यावर मात्र मालकाशी तडजोड करू शकली नाहीत.